बाईंच्या फळीखालची चुंबळ

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि माझ्यावर शिट्टी मारायची हिंमत अख्ख्या कोल्हापुरात कुणाची नव्हती. ती सुशीलाबाईंनी मारली. भर गल्लीत, सकाळी दहा वाजता. मी कट्ट्यावर पाठ करून बसलो होतो. अशी कडक शिट्टी वाजली की चाळीस वर्षं ओझ्यानं वाकलेली माझी पाठ आपोआप ताठ झाली. वळून बघतो तर गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि कमरेवर हात. बाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. त्यांच्या मागं एक जुनी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती आणि तिच्या टपावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं नऊ फुटी काहीतरी आडवं पडलं होतं.

“दौलूआण्णा, उठा. दोर आवळायचाय.”

“हाक मारायची की बाई. शिट्टी कशाला?”

“हाकेला आजपर्यंत कुणाच्या उठलाय तुम्ही?”

हे खरं होतं. मी तिसरीत शाळा सोडली ती मास्तरच्या हाकेला उठायचं नाही म्हणूनच. पुढं मार्केट यार्डात गुळाची हमाली केली. गुळाची ढेप, आम्ही तिला रवा म्हणतो, तीस तीस किलोची, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची आणि वरून दोर टाकून गाडी बांधायची. मी बांधलेली गाडी घाटात कधी सुटली नाही. दौलूनं दोर आवळलाय म्हटलं की ड्रायव्हर खाली उतरून बघत नसत. बाईंनी मला शोधलं ते त्यासाठी.

चादरीत काय आहे ते बाईंनी उघडून दाखवलं. समुद्राच्या लाटेवर उभं राहून पळवायची फळी. सर्फबोर्ड म्हणतात, मी फळीच म्हणतो. अ‍ॅम्ब्युलन्स बाईंनी कुणाकडून तरी घेतली होती. आत रुग्णाच्या जागी स्वतःची गादी, एक स्टोव्ह, पाण्याचा कॅन, कपड्यांची पेटी. त्या गाडीत राहायचं, राधानगरीवरून फोंड्याचा घाट उतरून खाली कोकणात जायचं आणि लाटेवर उभं राहायला शिकायचं, असा एकोणसाठाव्या वर्षी बाईंचा बेत.

मी विचारलं, “हे खूळ कुठनं आलं, बाई?”

“छत्तीस वर्षं पोरींना सावधान-विश्राम शिकवला. जमिनीवर कुणीबी उभं राहतंय. मला पाण्यावर उभं राहायचंय.”

मी टपावर चढलो. काथ्याचा सोल, म्हणजे जाड दोर, टाकला, फळीच्या कडेवर टाच रोवली आणि गुळाची गाडी बांधतो तसा दोन्ही हातांनी ओढला. कर्रर्र आवाज झाला. फळीच्या अंगाला वीतभर भेग पडली. ती फळी म्हणजे आत सगळा वाळलेला फेस आणि वरून काचेसारखा पातळ मुलामा. मला काय माहीत? आमच्या गुळाला कितीही आवळा, तो तक्रार करत नाही.

चूक माझी होती. पण मी काय म्हणालो? “फळीच कच्ची हाय.”

बाईंनी मला खाली उतरवलं. भेगेवर चिकटपट्टी लावली, गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी परत आल्या. खाली समुद्रावर रेश्मा म्हणून एक बाई फळीवर उभं राहायला शिकवते, तिनं भेग भरून दिली होती. बाई सरळ माझ्या पडवीत शिरल्या, खुंटीवरची माझी जुनी चुंबळ काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं कडं. हमालाच्या घरात देवाच्या फोटोच्या शेजारी ती असते.

“आण्णा, हे काय हाय?”

“चुंबळ.”

“कशाला लागती?”

“डोक्याला लागू नये म्हणून.”

“तुमचं डोकं दगडाचं. त्याला चाळीस वर्षं चुंबळ लागली. आणि माझ्या फेसाच्या फळीला नको व्हय?”

मला एवढा राग आला, एवढा राग आला, की मी त्या दिवशी दुपारचं जेवलोच नाही. हमालाला चुंबळ शिकवायची म्हणजे काय! संध्याकाळी बायकोचं जुनं लुगडं काढलं, चिंध्या भरल्या आणि टपाच्या दोन दांड्यांसाठी दोन लांब चुंबळी शिवल्या. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती असती तर म्हणाली असती, तुम्ही आणि माफी? मी माफी मागितली नाही. चुंबळी दिल्या.

त्यानंतर बाईंची फळी बांधायची ती मीच. बाईंनी नियम घालून दिले आणि दर वेळी म्हणून घेतले, जसे पोरींकडून पाढे म्हणून घ्यावेत. फळीच्या शेपटाला माशासारखं पातं असतं, ते आधी काढायचं आणि टॉवेलात गुंडाळून गादीखाली ठेवायचं. फळीचं पोट वर, शेपूट पुढं. दोर आणि फळीच्या मधे दोन बोटं गेली पाहिजेत, गेली नाहीत तर सोडून परत. शेवटी टोक धरून हलवायचं. गाडी हलली तर बरोबर, नुसती फळी हलली तर चूक. एक नियम मात्र माझा. गाठ सुरगाठच मारायची, एका ओढीत सुटणारी. पाय घसरावा म्हणून फळीवर मेण लावतात, असं बाई आधी समजत होत्या. रेश्मानं सांगितलं की पाय घसरू नये म्हणून लावतात. ते मेण उन्हात काकवीसारखं पाझरायचं. म्हणून गाडी उभी केली की फळी उतरवून गाडीच्या खाली सावलीत सरकवायची.

पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स आणि वर पांढऱ्या चादरीतलं लांबडं. लोकांना काय वाटणार? राधानगरीत चहाला थांबलं की माणसं टोपी काढून उभी राहायची. एकानं तर हात जोडून विचारलं, “कुठलं मयत म्हणायचं, पावणं?”

बाई म्हणाल्या, “माझंच. पण अजून येळ हाय.”

तो माणूस चहा टाकून गेला. हे बाईंनी मला हसत हसत सांगितलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी आईचं हिरवंगार लुगडं फाडून फळीला अभ्रा शिवला. “आता म्हणा मयत!” मग लोक विचारायला लागले, कुणाची ओटी भरायला निघालाय?

बाईंचा भाऊ बाळासाहेब शेजारीच राहायचा. गल्लीच्या तोंडाला त्याचं पशुखाद्याचं दुकान. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनी जगणारा. लग्न न केलेली, साठीची बहीण एकटी गाडीत झोपते आणि चड्डी घालून लाटांत पडते, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. एकदा त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली. बाई भांडल्या नाहीत. दुकानासमोर पायात अंतर घेऊन उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवायला सुरुवात केली. थांबायच्या, श्वास घ्यायच्या, परत वाजवायच्या. गल्ली गोळा झाली. पेंडीचं पोतं घ्यायला आलेला एक शेतकरी पोतं डोक्यावर घेऊन तसाच उभा. शेवटी बाळासाहेब किल्ली घेऊन बाहेर आला.

“अक्का, लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणावं, रांगेत उभं राहून एकेकानं बोला.”

पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला. तेव्हा फळी माझ्या पडवीत. भिंतीला टेकवली तर टोकावर भार येतो आणि फळी वाकते. बाई म्हणायच्या, “भिंतीला टेकली की फळी मेली. माणूसबी तसंच.” मी वाशांना दोन ठिकाणी झोळ्या बांधल्या, पोराला बांधतात तशा, आणि त्यांत फळी निजवली. आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. जाता-येता त्या फळीला माझा हात लागायचा आणि ती डुलायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दर वेळी निघताना बाई विचारायच्या, “आण्णा, येताय?”

“मला काय काम समुद्राशी?”

“बघितलाय का कधी?”

“पाणी ते पाणी. पंचगंगेला पूर आला की बघतोय की.”

मी समुद्र बघितला नव्हता. माझ्या डोक्यावरून चढलेला गूळ किती बंदरांना गेला असेल, मी स्वतः गावाला लागून असलेल्या शिरोलीच्या पुढं कधी गेलो नाही. पण पहिल्यांदा नाही म्हणून बसलो, मग दुसऱ्यांदा हो कसं म्हणायचं? सहा वर्षं नाही म्हणालो. बाई लाटेवर उभ्या राहिल्या तेसुद्धा मी नुसतं ऐकलं. दुसऱ्या वर्षी त्यांचा फोन आला. धापा टाकत होत्या. “उभी राहिले आण्णा! पाच आकडे मोजूस्तवर! मग आपटले.” मी म्हणालो, “लागलं का?” त्या म्हणाल्या, “फळीला? न्हाय.”

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४च्या उन्हाळ्यात बाईंच्या पोटात गाठ निघाली. मी दवाखान्यात गेलो तर मलाच हसल्या. “आण्णा, आयुष्यभर तुम्ही सुरगाठ मारली. ही निरगाठ निघाली बघा. सुटंना.”

मी म्हणालो, “मी हाय की. बघतो ओढून.”

“ऱ्हाऊ दे. कर्रर्र करशीला.”

आम्ही दोघं हसत असताना नर्सनं दटावलं. जाता जाता बाईंनी माझं मनगट धरलं. हात सुतळीसारखा झाला होता, पकड मात्र कवायतीतलीच. “फळी भिंतीला लावू देऊ नका. रेश्माकडं पोचवा. तिच्याकडं शिकायला बायका येतात, त्यांना फळ्या पुरत न्हाईत. आणि तुम्ही स्वतः पोचवा. दुसऱ्या कुणाच्या हाती न्हाय.”

मी नेहमीसारखं म्हणालो, “मला काय काम समुद्राशी?”

त्यांनी डोळे मिटले आणि बोटानं गळा चाचपला. शिट्टी दवाखान्यातल्या लोकांनी काढून ठेवली होती.

पाऊस सरता सरता बाई गेल्या. तिरडी बांधायला गल्लीनं मलाच पुढं केलं, दोराचा माणूस म्हणून. मी बांधली. डोक्याखाली टपावरची एक चुंबळ ठेवली. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, “ही काय पद्धत न्हाय.” मी म्हणालो, “मग आजपास्नं पडली.” सुतळी गुंडाळताना मागून कुणीतरी ओरडलं, “आवळा की आण्णा, वळणावर कलंडंल!” मी सुतळीखाली दोन बोटं घातली. गेली. तशीच ठेवली. बाई कलंडल्या नाहीत.

दहाव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाळासाहेब माझ्या पडवीत आला आणि झोळीतल्या फळीकडं बघत राहिला. गाडी त्यानं पोती पोचवायला घेतलीच होती. डोळे पाणावले होते त्याचे, ते खोटं नव्हतं.

“आण्णा, उद्या सकाळी पेंटर येणार हाय. दुकानाला पाटी करतो हिची. वर अक्काचं नाव घालतो, खाली दुकानाचं. चार खिळ्यांत बसंल. तिची आठवण ऱ्हाईल.”

“खिळे?”

“मग काय चिकटवायची?”

“बाईंनी फळी रेश्माला दिलीय. माझ्यापशी सांगून गेल्यात.”

“कागद हाय का तसा?”

“माझी तिसरी झालीय बाळासाहेब. माझ्याशी कागदाचं बोलू नको.”

“सख्खा भाऊ मी हाय, आण्णा. तुम्ही कोण तिचं?”

मी कोण? दोर आवळणारा. तो जाता जाता म्हणाला, “सकाळी आठला माणसं पाठवतो उतरवायला. आणि ऱ्हायलं कोकणाचं, तर तुम्ही कधी शिरोलीच्या पुढं गेलाय?”

एवढं बोलला नसता तर कदाचित मी बसून राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी झोळीच्या गाठी ओढल्या. सुरगाठी होत्या, एका ओढीत सुटल्या. खुंटीवरची माझी चुंबळ डोक्यावर ठेवली, उरलेली टपावरची चुंबळ खांद्यावर टाकली आणि हिरव्या अभ्र्यातली फळी डोक्यावर घेतली. गुळाच्या रव्यापुढं ती म्हणजे पीस. गल्लीतनं मधोमध चाललो. दूधवाल्यानं सायकल थांबवली आणि हात जोडले.

“कुणाचं, आण्णा?”

“कुणाचं न्हाय. सरक.”

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. बाळासाहेब वाकून बाहेर आला, मला बघितलं आणि तोंड उघडलं. मी थांबलो नाही. त्यानं हाक मारली. हाकेला मी उठत नाही, तसा थांबतही नाही.

यार्डातनं रोज भाजीचा टेम्पो कोकणात उतरतो. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, त्याच्या बापाच्या गाड्या मी बांधल्या होत्या. टपाच्या पुढच्या दांडीला चुंबळ, मागच्या दांडीला माझ्या डोक्यावरची. फळीचं पोट वर, शेपूट पुढं. दोर टाकला.

“आवळा की जोरात, घाट हाय,” ड्रायव्हर म्हणाला.

मी दोन बोटं घालून बघितलं. टोक धरून हलवलं. अख्खा टेम्पो हलला.

“आण्णा, पर या वयात समुद्राशी काय काम काढलंय?”

“बघायचाय,” मी म्हणालो. “त्र्याहत्तर वर्षांत बघितला न्हाय.”

आणि त्याच्या शेजारी चढून बसलो, खिडकीतनं हात वर काढला आणि चुंबळीवर ठेवला.