समुद्रापल्याडची सायकल

विमानतळावर बॅगा तोलायच्या रांगेत शर्मिलाने एक पुडकं काढून शेवंतीच्या हातात दिलं.

"माझ्या बॅगेचं वजन जास्त होतंय गं. हे तुझ्यात टाकतेस?"

शेवंती हो म्हणाली. पण टाकण्याआधी तोंड धुवायचं निमित्त करून ती बाथरूममध्ये शिरली, आतून कडी घातली आणि पुडकं सोडलं. दुसऱ्याचं सामान आपल्या बॅगेत घेऊन तुरुंगात गेलेल्या बायकांच्या गोष्टी पूजाने तिला फोनवर सांगितल्या होत्या. पूजा म्हणजे तिची मुलगी, पुण्याला नोकरीला. आईचा पासपोर्ट तिनेच खटपट करून काढला होता.

पुडक्यात एक सुती साडी निघाली. विटलेली, पदराला फाटलेली. शेवंतीने काठ चाचपले, शिवण दाबून बघितली, वास घेतला. काही लपवलेलं नव्हतं. तिने साडी पुन्हा तशीच बांधली, पण मनात गाठ बसली ती बसलीच. शर्मिला देवगडच्या हायस्कुलात शिकवणारी बाई. तिची ओढणीसुद्धा कधी चुरगळलेली दिसायची नाही. अशी बाई सायकल चालवायला श्रीलंकेला निघाली तर फाटकी साडी कशाला नेईल?

संशय घेणं हा शेवंतीचा स्वभावच, आणि धंद्यानेही तो पोसला होता. कुणकेश्वरच्या शेवंती कोयंडेने निम्मं आयुष्य मासे विकण्यात काढलं होतं. लिलावात बर्फाखाली शिळी सुरमई कोण सारतो, बांगडे मोजताना कुणाचा हात पटापट चालतो, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं. मासा घेताना कल्ला उघडून बघावा तसा ती माणसाचाही बघायची, आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज चुकायचा नाही.

सायकलही तिने धंद्यापायीच धरली. एका सकाळी बसच्या कंडक्टरने 'वास मारता' म्हणून तिची माशांची पाटी खाली उतरवायला लावली. ती घरी आली, सासऱ्यांची जुनी सायकल बाहेर काढली आणि भरती ओसरल्यावर देवळाखालच्या ओल्या, घट्ट वाळूत एकटीच शिकली. पडली, खरचटली, कुणाला बोलावलं नाही. मग कॅरिअरला पाटी बांधून ती आतल्या गावांत जायला लागली. पहिल्यांदा बायका हसल्या. पुढे त्याच बायका तिच्या घंटीची वाट बघत उंबऱ्यात उभ्या राहू लागल्या.

अशाच एका चढावर तिला शर्मिला भेटली. रविवारी हौसेने सायकल चालवणारी, डोक्याला हेल्मेट. पाटी बांधलेल्या शेवंतीला गाठता गाठता तिचा जीव मेटाकुटीला आला. माथ्यावर पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्यात या." त्यांच्यात तिसरी होती हिरा. नांदगावची, नर्स, बोलायला मोकळी. तिघी मिळून आधी विजयदुर्गला गेल्या, मग तळेऱ्याला जाऊन आल्या. शेवंतीला मजा वाटायची. तरी घरी येऊन ती नवऱ्याला विचारायचीच, "शिकलेल्यो बायका त्यो. माका कित्याक घेतत आपल्यात?"

गणपत तिचा नवरा, मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. कमी बोलायचा. निगोंबोहून गॉलच्या किल्ल्यापर्यंत सायकलने जायचं, असं श्रीलंकेचं ठरलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जा. पण डोळे उघडे ठेव."

डोळे तिने उघडे ठेवलेच. निगोंबोला उतरल्यावर पहिला दिवस तिचा प्रत्येक गोष्टीचा संशय घेण्यातच गेला. रस्त्याकडेला केशरी शहाळी टांगलेली दिसली, तर तिने एकावर नख ओढून रंग निघतो का ते बघितलं. गेस्टहाउसचा मालक फार गोड हसतो म्हणून खोलीच्या कडीला आतून ओढणी बांधली. सकाळी न्याहारीला तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस आला. चव थेट घरच्या शिरवाळ्यांची. पण मालकाने काही न विचारता दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा तिने ताटावर हात आडवा धरला.

हिरा खदखदून हसली. "अगो, वाढतत तर खा! इष घालूक नाय ते."

"बिनकामाचो कोण वाढता?" शेवंती म्हणाली.

परक्या माणसांचा संशय हळूहळू निवत गेला. शर्मिलाबद्दलचा मात्र वाढत चालला.

सायकली नव्याकोऱ्या होत्या. पुण्याच्या एका कंपनीने तिघींना वापरायला दिलेल्या. कपडेही कंपनीचेच. पण शर्मिला आणि हिराला निळे शर्ट आणि शेवंतीला एकटीला पिवळा. पाठीवर इंग्रजीत मोठं काहीतरी छापलेलं. तिने विचारलं तेव्हा शर्मिला म्हणाली, "कंपनीचं नाव आहे गं." शेवंतीचं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरं जुळवून बघता येत होती. निळ्या शर्टावरच्या खुणेत जी अक्षरं होती, त्यांतलं एकही पिवळ्याच्या पाठीवर नव्हतं.

निगोंबोच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घातली होती. दूरपर्यंत गोणपाटं, त्यावर चिरलेले मासे, आणि वास असा की शेवंतीला क्षणभर कुणकेश्वरला आल्यासारखं वाटलं. ती तिथल्या एका म्हातारीशी हातवारे करून मिठाबद्दल बोलायला लागली. तेवढ्यात शर्मिला ते पुडकं घेऊन आली.

"शेवंती, ही साडी नेस ना जरा. इथे बस, मासळीत. समुद्राकडे बघ. हसू नको."

शेवंतीने साडीकडे बघितलं. "ह्या फाटक्यात?"

"फक्त फोटोसाठी गं."

"मी मासो इकूक जातंय तेव्हा कांजी केलेला लुगडा नेसान जातंय. फाटका नेसलेला तू माका कधी बघलंस?"

"बरं, राहू दे," शर्मिला पटकन म्हणाली आणि साडी गुंडाळून ठेवली. रागावली नाही, आग्रह धरला नाही. शेवंतीला तेच खटकलं. कुणी भाव फार लवकर सोडला की समजावं, त्याने दुसरीकडे मासळी घेऊन ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी कोलंबोची गर्दी मागे टाकून त्या दक्षिणेला निघाल्या. उजव्या हाताला समुद्र, समुद्राला लागून रेल्वेचे रूळ, डावीकडे घरं नि दुकानं. सरळ सपाट रस्ता. अशा रस्त्यावर शेवंतीने डोळे मिटून सायकल हाकली असती. पण तिचं लक्ष पुढे चाललेल्या शर्मिलाकडे होतं. शर्मिला मध्येच थांबायची, फोनवर बोलायची, आणि शेवंती जवळ आली की "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवायची. एकदा वाऱ्यावर शब्द ऐकू आले, "नाही, तिला माहीत नाही अजून."

काय माहीत नाही? मला वाटेत सोडून देणार आहेत? की या सायकलींच्या नळ्यांत काही भरलंय? चहाला थांबल्यावर तिने नजर चुकवून सीटची दांडी उपसून आत बोट घातलं. बोटाला वंगण लागलं, बाकी काही नाही.

तिने हिराला बाजूला घेतलं. "हिरा, तुका माझी आण. काय चललासा?"

"काय नाय गो," हिरा म्हणाली. पण बोलताना ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती, आणि नाडी आधीच बांधलेली होती.

त्याच्या पुढच्या दिवशी, कळुतरा सोडून थोडं पुढे आल्यावर, शेवंतीचा फोन वाजला. गणपत होता. या वेळेला तो बंदरावर असायचा, तिथून कधी फोन करत नसे. शेवंती सायकलवरून उतरली.

"शेवंती," तो म्हणाला, "तू माका कधी दारू पिताना बघलंस?"

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय झाला?"

"सांग. बघलंस?"

"नाय. कधीच नाय."

"मग तुझ्या त्या शर्मिलाबायन मोबाईलवर काय घातल्यान? मासे इकणारी अडाणी बाई, घोव दारूडो, मारता, म्हणान सायकल घेवन घराभायर पडली. हय बंदरावर सगळे बघतत आणि हसतत. माका इचारतत, तांडेलानू, आज खयची घेतलास?"

गणपतचा बाप दारूतच गेला होता. त्या दिवसापासून गणपतने थेंबाला हात लावला नव्हता. शिमग्यात नाही, लग्नात नाही. बोटीवरची माणसं दमून प्यायची तेव्हा हा जाळी विणत बसायचा. शेवंतीला हे माहीत होतं, सगळ्या कुणकेश्वरला माहीत होतं. तरी लोक हसत होते.

"मी बघतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शर्मिला आणि हिरा पुढे एका रेल्वे फाटकाशी थांबल्या होत्या. गाडी यायची होती. शेवंती सायकल ढकलत त्यांच्यापर्यंत गेली.

"माझ्या पाठीर काय लिवला हा, ता वाच."

शर्मिलाचा चेहरा उतरला. "शेवंती, अगं..."

"हिरा, तू वाच."

हिरा तिच्या पाठीमागे गेली. "मासेवाली, असा लिवला हा. मासेवालीची झेप. तसा कायतरी."

"आणि दारूडो घोव खंय लिवला हा?"

गाडी धडधडत गेली. तेवढा वेळ कुणालाच बोलावं लागलं नाही. फाटक वर गेल्यावर शर्मिला म्हणाली, "कंपनीला गोष्ट हवी होती. नुसती सायकल चालवणारी बाई म्हटलं असतं तर त्यांनी कुणालाच सायकली दिल्या नसत्या. मी तुझं खरं तेच सांगितलं होतं. ते नवऱ्याचं त्यांनी वाढवलं."

"घालायच्या आधी तू वाचलं व्हतंस?"

शर्मिला रुळांकडे बघू लागली.

"वाचलं व्हतंस काय?"

"हो."

शेवंतीने सायकल तिच्या अंगावर कलती केली, तशी शर्मिलाने ती दोन्ही हातांनी सावरली. "ही तुझ्या गोष्टीची सायकल. तूच चालव." आणि ती चालायला लागली. मागे वळून न बघता, रुळाच्या कडेने, परक्या मुलखात, पिवळ्या शर्टातच. पुढचं स्टेशन कुठे आहे तेही तिला ठाऊक नव्हतं.

हिरा सायकल टाकून तिच्यामागे धावली. "मी तिका सांगितलंय व्हता, आधी शेवंतीक इचार म्हणान."

"माका कित्याक सांगूक नाय?"

"वाटला, तू येवचंस नाय मग. तू नसलंस तर आमका मजा नाय." हिरा रडकुंडीला आली होती. शेवंतीने तिचा चेहरा बारकाईने न्याहाळला. यात खोट नसावी. तरी ती थांबली नाही.

थांबली ती शर्मिलाच्या आवाजाने. शर्मिला फाटकाजवळ उभी राहून फोन समोर धरून मोठ्याने बोलत होती. येणारे-जाणारे बघत होते. "मी शर्मिला. तीन दिवसांपूर्वी मी जो व्हिडिओ टाकला, त्यात शेवंतीच्या नवऱ्याबद्दल जे आहे ते खोटं आहे. गणपत कोयंडे दारू पीत नाहीत. त्यांनी कधी हात उचलला नाही. शेवंती घरातून पळून आलेली नाही. मला खोटं आहे हे माहीत होतं आणि मी ते जाऊ दिलं." शेवटी तिने नमस्कारही केला नाही, फोन नुसता खाली केला.

शेवंती फाटकाशी परत येते तोच शर्मिलाला कंपनीच्या माणसाचा फोन आला. शर्मिलाने फोन कानापासून लांब धरला तरी त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. परत आल्या आल्या सायकली जमा करा, असं काहीतरी. शर्मिला "हो" म्हणाली, आणखी एकदा "हो" म्हणाली.

काही वेळाने गणपतचा फोन आला. "बघलंय," तो म्हणाला. "बंदरावरपण बघल्यानी. आता येतंस काय परत?"

शेवंतीने समुद्राकडे बघितलं. "नाय. आता इलंय तर गॉलपर्यंत जातंय."

"जा तर," तो म्हणाला. जरा थांबून, "जेवलंस?"

संध्याकाळी त्या हिक्काडुवाला मुक्कामाला पोचल्या. वाटेतल्या एका दुकानातून शेवंतीने साधा पांढरा शर्ट घेतला आणि पिवळा घडी करून शर्मिलाला परत दिला. जेवताना शर्मिलाने मीठ मागितलं, शेवंतीने सरकवलं. त्यापलीकडे दोघी बोलल्या नाहीत. हिराच एकटी भाताबद्दल, माशांबद्दल, उद्याच्या उन्हाबद्दल बोलत राहिली.

सकाळी निघताना शर्मिला नेहमीसारखी पुढे व्हायला बिचकली. हँडल धरून बाजूला उभी राहिली. "तू हो पुढे, शेवंती. मी मागे राहते."

"नाय," शेवंती पॅडलवर पाय ठेवत म्हणाली. "तू पुढेच रव. माका दिसत रव."

शर्मिला पुढे निघाली. तिच्यामागे काही अंतर राखून शेवंती, आणि सगळ्यांत मागे हिरा. त्या सकाळी शर्मिलाने एकदाही फोन बाहेर काढला नाही, आणि शेवंतीने तिच्या पाठीवरची नजर एकदाही काढली नाही. दुपार कलायच्या आत त्या गॉलच्या किल्ल्याच्या तटाखाली पोचल्या.