उबेत ठेवलेली सायकल

बसमध्ये बसलं की हेलेवी कार्पिनेनचे पाय आपोआप हलायला लागत. शेजारची बाई एकदोनदा तिच्याकडे बघायची आणि मग जरा सरकून बसायची. हेलेवीला त्याचं भान नसे. ती काचेवरची वाफ हातमोज्याने पुसून बाहेर बघत असे, आणि बाहेर अख्खं ओउलू शहर सायकलीवरून कामाला चाललेलं असे. दप्तरं पाठीला लावलेली पोरं, भुवयांवर बर्फ जमलेले बापे, खांद्यावर स्की घेतलेला एखादा म्हातारा. बस सिग्नलला उभी राही आणि ही सगळी मंडळी हिच्या नाकासमोरून निघून जात.

"वळणावर ब्रेक दाबतोय, मेला पडेल आता," ती पुटपुटे.

तो पडत नसे. पडली होती ती स्वतः.

नोव्हेंबरात एके रात्री पाऊस झाला, पहाटे तो रस्त्यावरच गोठला आणि वरून पीठ भुरभुरावं तसा बर्फ पडला. तीसेक हिवाळे सायकल चालवलेली ही बाई अजून उन्हाळी टायरवर होती. बर्फात पकड धरणारे खिळ्यांचे टायर तळघरात लटकत होते. 'या रविवारी नक्की बदलते' असं म्हणण्यात तिचे बरेच रविवार गेले होते. पुलाच्या उतारावर चाक सटकलं आणि डावं मनगट मोडलं. दुसऱ्या कुणी असा गाढवपणा केला असता तर हेलेवीने शाळेच्या स्वयंपाकघरात आठवडाभर त्याची टर उडवली असती. ती तिथे स्वयंपाकीण होती, आणि आता तिथे तिचीच टर उडत होती.

हात बरा झाला. बाकीचं अंग मात्र बिघडत गेलं. सायकल चालवत होती तेव्हाही तिचं अंग दुखायचंच, पण ते दुखणं ओळखीचं होतं. पहिल्या चढाला मांड्या भरून यायच्या, बोटांची टोकं बधिर व्हायची, आणि स्वयंपाकघराच्या उबेत आल्यावर त्यांना अशा झिणझिण्या यायच्या की दोन शिव्या हासडल्याशिवाय बरं वाटायचं नाही. आता बसून बसून कंबर धरायची. दोन थांबे आधीच उतरून ती चालत जायची, तरी अंगातली कळ जायची नाही. घरी आली की या खिडकीतून त्या खिडकीत फिरायची, दर थोड्या वेळाने खिडकीबाहेरचा तापमापक बघायची.

"त्याच्याकडे बघून पारा चढत नाही," तायस्तो म्हणायचा. हा तिचा नवरा, कागदगिरणीतून निवृत्त झालेला. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गोठलेल्या तळ्यातून मासा काढायचा. भोक पाडा आणि वाट बघत बसा. त्या दिवशी इस्पितळात तो आला तेव्हाही काही बोलला नव्हता. तिच्या हनुवटीवरचं रक्त त्याने रुमालाने पुसलं आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

हेलेवीचा जीव टांगणीला लागला होता तो सिनिक्कामुळे. सिनिक्का तिच्याबरोबर स्वयंपाकघरात भाज्या चिरायची. बसमध्ये एकदा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आमच्यात आलीस. मीपण एकच हिवाळा म्हणून सायकल ठेवली होती तळघरात. म्हटलं, एप्रिलात काढू."

"मग?"

"मग काय! दहा वर्षं होतील त्या एप्रिलाला. आता तर टायरपण कुजले." सिनिक्का खळखळून हसली. "उबदार असतं की नाही इथे? सवय होते गं."

सवय होते, हे ऐकून हेलेवी चपापली. कारण होत होती. बसमधून उतरताना ती दांडा घट्ट धरायला लागली होती. निसरडी जागा दिसली की पाय आखडायचे. ती घाबरली होती, आणि हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आता या हिवाळ्यात सायकलीवर बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी मनगट इकडेतिकडे वळवून पाहिलं. "चालवा की सायकल," त्या म्हणाल्या, "फक्त पडू नका."

खिळ्यांचे टायर तायस्तोने केव्हाच बसवून ठेवले होते, न सांगता. त्यात बुधवारी सौना, म्हणजे घरातली वाफेची खोली, तापवल्यावर तो आपण होऊन म्हणाला, "सायकल आत घे. पुसून, चेनला तेल घालून ठेवतो."

हेलेवीला इतका आनंद झाला की तिने दार स्वतः उघडून धरलं. सौनाबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत सायकल रात्रभर उबेत राहिली, आणि तायस्तो तिच्याजवळ बराच वेळ खुडबुडत होता. अखेर माणूस आपल्या बाजूने आहे तर, असं वाटून ती निवांत झोपली.

गुरुवारी पारा उणे चोविसावर होता. शाळेत गुरुवारी वाटाण्याचं सूप, म्हणजे लवकर पोचायला हवं. तिने दोन लोकरी पायमोजे चढवले, तोंडावर पट्टी ओढली आणि निघाली. खिळे बर्फावर करकर वाजायला लागले. पहिल्या वळणाला तिने श्वास रोखून धरला होता, दुसऱ्याला विसरली. मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्याच्या तोंडाशी उतार संपला, तिने जोरात पायडल मारलं, आणि पाय सरळ पोकळीत गेला. पायडल गरकन फिरलं, चाकाला मात्र जोरच मिळाला नाही. सायकल डगमगली. कशीबशी भिंतीला हात लावून ती सावरली.

पुन्हा मारून पाहिलं. पायडल नुसतंच फिरत होतं.

क्षणभराने तिला उमगलं आणि अंगाचा तिळपापड झाला. हिवाळ्यात सायकल उबेत घ्यायची नसते! घेतली की तिला घाम फुटतो, ते पाणी मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलमध्ये शिरतं आणि बाहेर नेल्यावर हळूहळू गोठून बसतं, मग पायडल मारलं तरी ते चाकाला पकडत नाही. तिच्या शाळेतलं तिसरीतलं पोर हे सांगेल. आणि जन्मभर इथे राहिलेल्या दोन खुळ्यांनी मिळून सायकल सौनाला नेली होती.

ती सायकल ढकलत, बडबडत घरी आली. दार उघडलं तर तायस्तो टेबलाशी बसलेला. समोर कॉफीचे दोन कप होते. दुसरा तिचा होता, भरलेला, वाफाळता.

तो तिची वाट बघत बसला होता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हं."

"हं काय? मुद्दाम केलंस तू!"

"कोपऱ्यापर्यंत जाशील, परत येशील, बसने जाशील. असं वाटलं."

"आणि बोगद्यात पाय सटकून आपटले असते तर? भिंत होती म्हणून वाचले, कळतंय का तुला?"

तायस्तोचा चेहरा पांढरा पडला. एवढा विचार त्याने केलाच नव्हता. त्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू गेलीस की परत येईपर्यंत वाटत राहते. फोन वाजला तरी वाटते."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मग मला नाही वाटत?" ती ओरडली. "मला तर सगळ्यात जास्त वाटते! पण आज बसमध्ये चढले ना, तर मी तिथनं उतरायची नाही, तायस्तो. कधीच नाही."

तो उठला. पाना शोधला, तसाच बाहेर गेला. त्याची स्वतःची सायकल भिंतीला टेकून रात्रभर बर्फातच उभी होती, खिळ्यांच्या टायरांची. हातमोजे काढून तो तिची सीट खाली घ्यायला लागला. लोखंडाला बोटं चिकटत होती.

"पुरे," हेलेवी म्हणाली. "अरे, पुरे ना. लहान पोराची सायकल आहे का?"

त्याने आणखी थोडी खाली घेतली, बोल्ट आवळला आणि पाना तिच्या खिशात टाकला. "नाही जमली तर वाटेत वर कर."

सीट भलतीच खाली होती. गुडघे पोटाला लागत होते आणि पुलाच्या चढावर उजवा गुडघा चांगलाच ठणकायला लागला. थांबून सीट वर करायची, एवढंच करायचं होतं. पुढच्या सिग्नलला ती थांबली, आणि तिचे दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर टेकले, सायकल शिकणाऱ्या पोरीसारखे. तेव्हा तिला कळलं, त्याने सीट एवढी खाली का घेतली ते. मागच्याने घंटी वाजवली. तिने पाना खिशातच राहू दिला आणि ठणकत्या गुडघ्याने शाळेपर्यंत तशीच गेली.