पहिलं फळ देणाऱ्याच्या घरी

दिवेकर सरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी रोह्याला आमच्या गच्चीवर आमसुलं वाळत घालत होते. "बाई, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि..." आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "अगं, पण फणस अजून तयार नाही झाला!" तोंडातून गेलं ते गेलं. पोरीला वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. पण ती हुंदका आवरत म्हणाली, "हो ना, परवाच बाबा म्हणत होते, पंधरा-वीस दिवस जातील अजून म्हणून." त्या घरात सगळ्यांनाच तो फणस ठाऊक होता. माझे हात आमसुलांनी लालभडक झालेले, तशीच मी स्टेशनावर गेले आणि पेणपर्यंत ते हात पदराखाली लपवून बसले. आता या गोष्टीला दोन महिने होतील. सरांबद्दल काही लिहा, असं शाळेतल्या मुलींनी म्हटलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. लिहायचं तर सगळं लिहावं लागेल, आणि त्यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही. पण लिहिते.

अनंत दिवेकर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी विज्ञान. निडी स्टेशनावर उतरून वीस मिनिटं चालत गेलं की आमची शाळा. ते पेणहून यायचे, मी रोह्याहून. त्यांची गाडी आधी यायची, पण ते कधी पुढे निघून गेले नाहीत. फलाटावरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असायचे. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना, आजोबांपासूनचा. त्यामुळे आषाढ-श्रावणात माणूस शाळेत यायचा तो कोपरापर्यंत शाडू लागलेला, आणि खिशात शाडूचा ओला गोळा रुमालात बांधलेला. टाचणी, चिकटपट्टी असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वासच नव्हता. वेळापत्रक असो, मुलांची चित्रं असोत की सुट्टीची नोटीस, बोटभर ओली माती मागे लावायची आणि भिंतीवर दाबायची. दोन दिवसांनी माती वाळली की कागद खाली. मग सर परत लावणार. मुख्याध्यापकांनी कितीदा सांगितलं, "अहो दिवेकर, भिंती बघा काय झाल्यात!" सर म्हणायचे, "व्हय व्हय," आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचीच नोटीस शाडूनं लावायचे.

शाळेची परसबाग ही त्यांचीच हौस. शाळेला त्यासाठी कुणी छदाम देत नव्हतं, तेव्हा हे दारोदार फिरायला लागले. पण पैसे मागायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. म्हणायचे, "पैसे मागितले की माणूस खिशाकडे बघतो, वस्तू मागितली की घराकडे बघतो. घरात काहीतरी असतंच हो." पेणच्या कारखान्यांतून रिकामी पोती, काथ्या, मूर्ती बांधायच्या सुतळ्या आणायचे. कुणाकडून पडवळाचं बी, कुणाकडून गवत काढायचं जुनं खुरपं. गावात हमीदभाई होते, कुवेतला बावीस वर्षं काढून आलेले. त्यांनी कुंपणाला जाळी दिली. आणि सरांचा एक नियम होता, तो त्यांनी कुठून आणला देव जाणे: ज्यानं दिलं, त्याच्या घरी पहिलं फळ पोचवायचं. बाजारात नाही, शाळेच्या खिचडीत नाही, मुख्याध्यापकांच्या घरी तर नाहीच नाही. सोबत एक पोस्टकार्ड. त्यावर सर त्या भाजीचं चित्र काढायचे आणि खाली मुलांनी लिहायचं, 'तुमचं वांगं आलं' किंवा 'तुमचं पडवळ आलं'. हमीदभाईंच्या घरी आम्ही हातभर पडवळ घेऊन गेलो तर ते दारातच उभे राहिले. "सर, गावाला मी लई वस्तू वाटल्या. घड्याळं वाटली, सेंट वाटले. पण परत कोन काय घेऊन आला नाय आजवर," असं म्हणून त्यांनी ते पडवळ लेकरासारखं दोन्ही हातांवर घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

मला ही दारोदारची भिक्षा पटायची नाही. मी म्हणायचे, सर, जग कुठे गेलंय! रोह्यात एवढ्या कंपन्या आहेत, त्या शाळांना मदत देतात, फक्त अर्ज नीट करायला हवा. आणि अर्ज मी केला. माझं इंग्रजी बरं, टायपिंग येतं. तीन महिने मी त्या अर्जाच्या मागे होते. बागेचा नकाशा काढला, मुलांची यादी जोडली, 'या प्रकल्पाचा उद्देश काय' अशा रकान्यांत पानंच्या पानं लिहिली. आणि मिळाली हो मदत! पहिल्या हप्त्यात टाकी बांधायची, वाफे घालायचे. बाग उभी राहिल्याचे फोटो पाठवले की दुसऱ्या हप्त्यात पंप आणि पाइप. पाण्याचा प्रश्न कायमचा मिटणार होता. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जिंकलात."

आता वाफ्यांना माती हवी होती. ती मात्र सरांनी त्यांच्या पद्धतीनं मागितली. धरमतरच्या बाजूला कुणीतरी तळं खोदत होता, त्यातली माती तो फुकट द्यायला तयार झाला. दिवाळीनंतर तीन डंपर आले. सर धावत गेले, मूठभर माती उचलली, बोटांत चोळली, तिची छोटीशी सोंड वळली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला... "बाई, हात लावून बघा. लोणी आहे लोणी! एक खडा नाही." तिसऱ्या पिढीचा मूर्तिकार तो. मऊ, चिकट, खडा नसलेली माती म्हणजे त्यांच्या दृष्टीनं जगातली सर्वात चांगली माती. आणि मी, विज्ञानाची बाई, मीही हात लावला आणि म्हटलं, हो सर, छानच आहे. डंपरवाल्याला हार घातला, नारळ दिला.

मुळा, वांगी, वाल, टोमॅटो लावले. आठ दिवसांत कोंब वर आले, मुलं नाचली. पंधराव्या दिवशी पानांच्या कडा जळायला लागल्या. आम्ही पाणी वाढवलं. मग वाफ्यांवर पांढरी बुरशी दिसायला लागली, म्हणून मी गोमूत्र शिंपडायला लावलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुनंदाताई तिथून जात होत्या. त्या थांबल्या, वाकल्या, ते पांढरं बोटावर घेतलं आणि सरळ जिभेला लावलं. "ओ बाई, ही त खाराची माती हाय! हिच्यात मीठ पिकल, वांगं कुठचा पिकतंय?" आणि ओचा झटकून खिचडीकडे गेल्या. सगळा गाव खाडीच्या अंगाला, पोराटोरालाही खाराची माती कळते. आम्हा दोघा शिकलेल्यांना नाही कळली. आठवड्यात बाग करपून गेली.

इकडे फोटो पाठवायची मुदत जवळ आली. मग मी एक केलं. गणवेश घातलेली चार मुलं रोह्याला दिरांच्या वाडीत नेली, त्यांच्या हातात झाऱ्या दिल्या आणि हिरव्यागार वांग्यांत उभी करून फोटो काढले. फार सुंदर फोटो आले होते. सरांना दाखवले. त्यांनी एकेक नीट बघितला आणि एवढंच विचारलं, "यात आपलं काय आहे?" मी म्हटलं, "मुलं आपली आहेत ना!" त्यांनी फोटो नीट रचून मला परत दिले. मला वाटलं, पटलं. पण त्यांनी त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीनं स्वतः पत्र लिहून कंपनीला पाठवलं. नंतर मी त्याची नक्कल वाचली. चार ओळी होत्या. बाग लावली होती. झाडं मेली. माती न तपासता घेतली, चूक आमची. पुढच्या वर्षी परत लावू. डंपरवाल्याचं नाव नाही, माझं नाही, फोटोंचं तर अक्षरही नाही.

कंपनीनं सभ्य भाषेत कळवलं की दुसरा हप्ता देता येणार नाही. पंप गेला, पाइप गेले. माझी तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, आणि पाणीही नव्हतंच. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सरांना म्हटलं, "तुमच्या हातात माती द्यावी ती गणपतीचीच. झाडं जगवायची माती तुम्हाला कळायची नाही. आणि माणसंही नाही." शेवटचं वाक्य तर अगदीच विनाकारण होतं. सर भिंतीवर काहीतरी लावत होते. त्यांनी हातातला गोळा रुमालात परत बांधला आणि वर्गावर गेले. त्यानंतर सहा महिने आम्ही बोललो नाही. पण एक सांगते, सकाळी निडी स्टेशनावर ते थांबायचेच. मी उतरले की उठायचे, आणि आम्ही वीस मिनिटं मुकाट्यानं चालायचो. मी मुद्दाम भराभर चालायचे. ते मागून यायचे.

पावसानं त्या मातीतलं मीठ बरंच धुऊन नेलं. जुलैअखेर सर स्टेशनावर दिसले ते मांडीवर पिशवी आणि पिशवीत फणसाचं वीतभर रोप घेऊन. घरच्या परसातल्या फणसाच्या आठळीचं. मला राहवलं नाही. "फणस? अहो, सात-आठ वर्षं लागतात फणसाला." ते म्हणाले, "मग? मी कुठं चाललोय?" आणि हळूच पुढे म्हणाले, "सगळ्यांकडून मागितलं, बाई. मी काहीच दिलं नव्हतं." बस, तिथून आमचं बोलणं परत सुरू झालं. त्यांनी कधी तो विषय काढला नाही. माफी मागायला मी चार वेळा तोंड उघडलं असेल, आणि चारही वेळा काहीतरी भलतंच बोलले. हमीदभाईंना सरांनी कंपनीला लिहिलेल्या पत्राचं कळलं तेव्हा त्यांनी घरातला जुना पाइप पाठवून दिला, त्यावर आजतागायत बाग चालते.

सर निवृत्त झाले, पण दर वर्षी माघात त्यांचा फोन ठरलेला. "फणस धरला का?" नाही धरला, सर. "असू दे." यंदा धरला. एकच, बुंध्याशी, मुठीएवढा. मी फोन केला तर ते इतक्या मोठ्यानं हसले की मला कान बाजूला करावा लागला. म्हटलं, पिकला की न्यायला या. तर म्हणाले, "छट्! नियम म्हणजे नियम. दिलं मी, म्हणजे आणायचं तुम्ही. कापा निघाला तर नशीब. बरका आपल्याला चालत नाही." कापा म्हणजे कडक गऱ्यांचा, बरका म्हणजे लिबलिबीत; आणि आठळीपासून वाढवलेल्या झाडाचं काय निघेल ते पहिलं फळ कापेपर्यंत कळत नाही. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, फणस घेऊन जाईन, सरांच्या हातात देईन आणि या वेळी नीट शब्दांत माफी मागेन. आठ वर्षं तेवढ्यासाठी निमित्त शोधत होते. आणि वैशाखात तो फोन आला.

शाळा उघडली त्या आठवड्यात फणसाला वास सुटला. नववीच्या दोन मुलींनी आणि मी तो पोत्यात घालून गाडीत चढवला. डबाभर घमघमाट! बायका विचारत होत्या, "कितीला घेतलात, बाई?" मी म्हटलं, "विकायचा नाही. ज्याचा त्याला द्यायला चाललोय." पेणच्या घरी कारखान्यात बिनरंगाचे गणपती ओळीनं बसलेले, आणि दारात वहिनी, सरांच्या पत्नी. त्यांनी हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावलं, पोतं अंथरलं आणि फणस दोन फाकांत उघडला. बोट घातलं, गरा लोंबत बाहेर आला, नुसता लिबलिबीत. बरका! वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो... मग कधी रडायला लागलो ते आमचं आम्हाला कळलं नाही. वहिनींनी एक गरा वाटीत घालून सरांच्या फोटोपुढे ठेवला. "घ्या. बरकाच निघालाय. आता खा मुकाट्यानं."

नियमाप्रमाणे पोस्टकार्डही नेलं होतं. चित्र काढणारा माणूस नाही, तर मीच काढलं. वहिनी चष्मा लावून बघत म्हणाल्या, "बाई, हे साळिंदर का काढलंत?" मग त्यांनी खालची ओळ वाचली. मुलींनी लिहिलं होतं, 'सर, तुमचा फणस आला.' त्याच्याखाली माझ्या अक्षरात एवढंच होतं, 'चूक माझी.' मी म्हटलं, "वहिनी, हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं हो." त्या उठल्या, घमेल्यातल्या शाडूचा बोटभर गोळा तोडला, कार्डाच्या मागे लावला आणि सर मूर्ती घडवायला बसायचे त्या पाटासमोरच्या भिंतीवर, त्यांची नजर जाईल अशा उंचीवर, तळव्यानं दाबला. मी म्हटलं, "वाळलं की पडेल ते."

"पडू दे," वहिनी म्हणाल्या. "मी परत लावीन."