लग्नाआधीचं नाव

आखातातली एक शाळा सोडून दुसरी धरायची, एवढंच मला करायचं होतं. शहर तेच, विषयही तोच, गणित. पण जुना व्हिसा रद्द झाला की नव्यासाठी पदवीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून होते, म्हणून मला देवळीजवळच्या सासरच्या गावी यावं लागलं. नवरा आणि दहावीतली लेक तिकडेच राहिली. नवऱ्याची नोकरी आधीच सुटली होती, त्यामुळे दोघांचा तिथला मुक्काम माझ्याच व्हिसाच्या जिवावर. तो वेळेत झाला नाही, तर पोरीला दहावी अर्ध्यात टाकून परत यावं लागणार होतं. हे एकच डोक्यात घेऊन मी उठत होते आणि झोपत होते.

अडलं ते नावापाशी. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतातच, वर बापाने ठेवलेलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने नवं नाव लिहायचं, मग बायांची थट्टामस्करी, फोटो. माझं नवं नाव सासूबाईंनी निवडलं. मला तेव्हा मौज वाटली होती, खोटं कशाला बोलू? पुढे आधार, पासपोर्ट सगळं नव्या नावाने झालं. पदवी तेवढी जुन्या नावाची राहिली. पहिल्या शाळेने वकिलाच्या साध्या प्रतिज्ञापत्रावर भागवलं. नवी शाळा म्हणाली, विवाह नोंदणीचा दाखला पाठवा, दोन्ही नावं असलेला.

ग्रामपंचायतीतून दाखला काढला आणि तिथल्याच बाकावर बसून वाचला. नोंदणीच्या वेळी सासऱ्यांनी वधूचं लग्नाआधीचं नाव म्हणूनही नवंच नाव सांगितलं होतं. जुनं गेलं ते गेलं, आता त्याचं काय काम, असा त्यांचा सरळ विचार. म्हणजे जिने पदवी घेतली तिचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि जिचं लग्न झालं ती कॉलेजची पायरी चढली नव्हती. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले, मनसोक्त चिडले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण शाळेने मुदत दिली रविवारची. दुरुस्तीचा कागद तोवर दाखवा, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत. सासरे वारलेले, तेव्हा लग्नाला हजर असलेल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाने तहसीलच्या साहेबांपुढे सांगायचं की ही आणि ती एकच. असं माणूस एकच उरलं होतं, सासूबाई. शुक्रवारी सकाळी त्यांना ऑटोत बसवलं.

"आई, माझं माहेरचं नाव आठवतं ना?"

"मले नाई आठवत व बाई. त्या नावानं मी तुले कधी हाकच नाई मारली."

देवळी येईपर्यंत मी त्यांच्याकडून पहिलीतल्या पोरासारखं माझं नाव घोकून घेतलं. त्या बिचाऱ्या पदर सावरत म्हणत राहिल्या, चुकल्या की पुन्हा म्हणत राहिल्या. उतरताना नाव बिनचूक आलं. मी मनातल्या मनात नारळ कबूल केला.

आत साहेब घाईत होते, दौऱ्यावर निघायचं होतं. बाबूने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आजी, तुमच्या सुनेचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

सासूबाई ताठ बसल्या आणि एक नाव म्हणाल्या. स्पष्ट, न अडखळता. ते माझं नव्हतं. मी ते जन्मात ऐकलं नव्हतं.

"इथं तर दुसरंच लिहून हाय," बाबू म्हणाला. "आजीलेच माहीत नाई, तर साहेब सही कशी करतीन?"

मी हात जोडले. म्हटलं, त्या घाबरल्या हो, एकदा, एकदाच पुन्हा विचारा. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. साहेब तोवर उठले होते. "सोमवारी या," म्हणाले आणि गाडीत बसले.

बाहेर पायऱ्यांवर माझा तोल सुटला. चारचौघांत मी त्यांच्यावर ओरडले, "काऊन केलं असं? कोणाचं नाव सांगितलं तुम्ही? कोण ही बाई?"

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. खाली बघत म्हणाल्या, "माह्यं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुह्या सासऱ्यानं ताटात लिवलं तवापासून कोनी इचारलंच नाई. त्या बाबूनं लग्नाआधीचं म्हटलं, अन् थेच तोंडात आलं." मग घाबरून माझा हात धरला. "सोमवारी बरोबर सांगतो व. तुह्यंच सांगतो."

सोमवारचा काही उपयोग नाही, हे त्यांना कसं सांगू? तेवढ्यात फोन वाजला. लेक होती.

"आई, झालं का गं?"

सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"नाही झालं," मी म्हटलं. "पुस्तकं भरायला घे."