दादाच्या नावावर सहा वर्षं

माझ्या आयुष्यातली सहा वर्षं माझ्या थोरल्या भावाच्या नावावर जमा आहेत. ती परत मागायची सोय कुठल्याच ऑफिसात नाही. मी चौकशी केली आहे.

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता आणि आमचं गाव भीमपूरकडचं, कापसाचं. दादा दहावी पास झालेला, गावातल्या मोजक्या पोरांपैकी एक. मी सातवीत शाळा सोडली आणि नेरडीगोंड्याला हायवेवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागलो. ट्रकांच्या चेसी जोडायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायच्या. विसाव्या वर्षी माझा हात असा बसला होता की मालक अवघड जोड मलाच द्यायचा. दादा मात्र पास होऊन बरीच वर्षं घरीच होता. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून माय देवाच्या फळीवर ठेवायची.

आखातातल्या एका देशात पाइपलाइनच्या कामाला माणसं पाहिजेत, असं सांगत निर्मल गावाकडचा एक एजंट आला. त्याला वेल्डर पाहिजे होता. पण दहावी पास माणसाला परदेशी कामाला जायला पासपोर्टवर सरकारी परवानगीचा शिक्का लागत नाही, म्हणून त्याला वेल्डर दहावी पास पाहिजे होता. आमच्या घरात काम एकाच्या हातात आणि कागद दुसऱ्याच्या पिशवीत. एजंटनं बाबांकडं पाहिलं, आम्हा दोघांकडं पाहिलं आणि म्हणाला, "चेहरा तो मिलता है."

झालं. सर्टिफिकेट दादाचं, फोटो माझा. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी दादाचं नाव सांगून खाटेवर बसलो आणि दादा त्याला चहा देऊन बाजूला उभा राहिला. लबाडी होती, मी नाही म्हणत नाही. पण ती एकट्याची नव्हती. बाबांनी, मायनं, दादानं आणि मी, चौघांनी मिळून केली होती. दादा तर त्या दिवशी मला मिठी मारून रडला. "तू माह्यासाठी जाऊन राह्यला," म्हणाला. तेव्हा मला ते खरं वाटलं.

दादाची सही शिकायला मी एक आख्खी वही भरली. शेवटच्या अक्षराखालून मागं वळून एक फाटा मारायची त्याला हौस होती. तो फाटा माझ्या हातात बसायला पंधरा दिवस लागले. अजून बसलेला आहे.

तिथं पहिला महिना कोणी दादाच्या नावानं हाक मारली की मी मान वर करायचो नाही. फोरमन केरळचा होता. त्याला वाटलं, याला कमी ऐकू येतं. मग तो खांद्याला हात लावून बोलवायला लागला. नंतर इतकी सवय झाली की स्वप्नात माय हाक मारायची तीही दादाच्याच नावानं. पत्रं लिहायची सवय मला तिथंच लागली. कॅम्पातल्या निम्म्या लोकांना लिहिता येत नव्हतं, त्यांची मी लिहून द्यायचो. आज जे चार शब्द लिहितो ते तिथले. माझ्या स्वतःच्या पत्रावर, मागच्या बाजूला, पाठवणारा म्हणून दादाचं नाव असायचं. घरी पत्र उघडायचाही दादाच.

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला एक रक्कम कापलेली दिसायची. मी फोरमनला विचारलं, हे काय. तो म्हणाला, "पेन्शन का है. बुढापे का." मला हसू आलं. तेवीस वर्षांचा मी, अंगावर ठिणग्यांचे डाग, आणि सरकार माझ्या म्हातारपणाची काळजी करतंय. आपल्या गावात पेन्शन म्हणजे मास्तर आणि पटवारी यांच्या घरची वस्तू. आपल्यालाही ती मिळू शकते, ही गोष्टच मला नवीन होती.

त्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव विचारलं होतं. माझं लग्न झालेलं नव्हतं, पण दादाचं झालं होतं, आणि माणूस तर दादा होता. म्हणून एजंटनं निघायच्या आधीच वहिनीचं नाव घातलं होतं. म्हणजे मी तिथं पाइपाखाली मेलो असतो तर कागदावर दादा मेला असता आणि विधवा वहिनी झाली असती. मी तर कधी तिथं गेलोच नव्हतो. यावर आम्ही कॅम्पात फार हसायचो. निर्मलचा एक सोबती होता माझ्या खोलीत, तो म्हणायचा, "तू मेला तर रडाचं कोनी?"

मी गेल्यावर दुसऱ्याच वर्षी दादाला नोकरी लागली. त्याच सर्टिफिकेटवर. आधी तहसिलीत, मग तालुके मोडून छोटी मंडल ऑफिसं निघाली तेव्हा तिथं क्लार्क. पत्रात त्यानं कळवलं आणि मी खोलीत सगळ्यांना खजूर वाटले. एकाच नावाचा माणूस सकाळी गावाकडच्या ऑफिसात हजेरी लावतो आणि इकडं आखातात पाइप जोडतो, यात काही अडचण आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दादाच्या आलं असणार. तो शिकलेला.

सहा वर्षांनी परत आलो. पाठवलेल्या पैशात बाबांनी दादाचं घर स्लॅबचं केलं होतं, बहिणीचं लग्न उरकलं होतं, आणि बाबा गेले होते. दादा पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "तो पासपोर्ट दे इकडं. चुलीत घालून टाकू." मी दिला नाही. का दिला नाही ते मलाच माहीत नव्हतं. माझा फोटो असलेला तेवढाच एक कागद होता जगात.

मी पुन्हा नेरडीगोंड्याच्या त्याच दुकानात गेलो, त्याच मालकाकडं. माझं लग्न झालं. हायवेच्या वळणावर एक जागा होती, ट्रक उतारावरून येऊन थांबायचे अशी. जागेचा मालक म्हणाला, डिपॉझिट दे आणि उद्या पत्रे टाक. एवढंच पाहिजे होतं मला: स्वतःचं दुकान, स्वतःची मशीन, आणि पाटीवर माझं नाव. नावाची भूक कशी असते ते दुसऱ्याच्या नावानं सहा वर्षं राहिल्याशिवाय कळत नाही.

दोनेक वर्षांनी निर्मलचा तो सोबती त्याच रस्त्यानं जाताना दुकानात उतरला. नवी बुलेट होती. म्हणाला, "पैसे आले ना तुले?"

"कायचे पैसे?"

"पेन्शनचे. बाहेरच्या लोकाइले तिकडच्या सरकारनं पेन्शनमधून काढून टाकलं. जेवढं कापलं तेवढं वापस देऊन राह्यले. सगळ्याइले पत्र आलं. एका वर्षात दरखास्त टाका लागते. तुले नाई आलं?"

मला नाहीच येणार. माझ्या नावानं यायचं कारणच नव्हतं. मी हातातली वेल्डिंगची टॉर्च ठेवली आणि तशाच काळ्या हातांनी बस पकडली.

दादा ऑफिसातून येऊन ओसरीवर बसला होता. मी विचारलं, परदेशातून पत्र आलं का. तो उठला, आत गेला, पेटीतून पाकीट काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. उघडलेलं होतं. आतल्या कागदावरची तारीख मी वाचली. नऊ महिने ते पत्र त्या पेटीत होतं.

"काऊन सांगितलं नाई?"

"सांगून काय फायदा होता?"

फॉर्म साधा होता. पासपोर्टची नक्कल, ती माझ्याकडं. सही जुनी होती तशी, ती माझ्या हातात. आणि बँकेचा खाता नंबर, पासपोर्टावरच्या नावाचा. तो फक्त दादाचा. एवढाच एक आकडा मला त्याच्याकडून पाहिजे होता. चार-पाच वर्षं बसून खाता येईल एवढी रक्कम नव्हती ती. पण डिपॉझिट, मशीन आणि पत्रे, तिन्ही त्यात बसत होतं.

"दादा, खाता नंबर दे."

"माह्या खात्यात परदेशातून पैसे येतीन, तं बँक इचारन, कोठचे हायेत. त्या कागदावर लिहेल हाये की हा माणूस सहा साल तिकडं नोकरीत होता. आन् हाच माणूस इकडं सरकारी रजिस्टरात दस्तखत करून राह्यला होता. नोकरी तं जाईनच. पेन्शनबी जाईन. जेलबी होईन."

"कोन पाहते बँकेत?"

"कोनी नाई पाहत. पन पाहिलं तं?"

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मला राग त्याचाच आला. तो खोटं बोलला असता, हावरट असता, तर मला सोपं गेलं असतं. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

"मंग माही सहा वर्षं?" मी म्हणालो.

"तुले कमी केलं का आमी? लग्न करून देलं."

माझ्याच पैशातून. हे माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात माय आतून आली. मला वाटलं, ती तरी बोलेल. तिनं पाकिटाकडं पाहिलं, मग दादाकडं, आणि मला म्हणाली, "जाऊ दे न बापू. तुह्या हातात हुनर हाये. त्याच्यापाशी नोकरीच हाये." वहिनी दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिचं नाव होतं त्या कागदावर, माझी बायको म्हणून.

मी पुढचे तीन महिने दर रविवारी गेलो. पहिल्यांदा मागितलं, मग हातापाया पडलो, शेवटी शिव्या दिल्या. दादानं नंबर दिला नाही. वर्ष संपलं त्या आठवड्यात मी गेलो नाही. वळणावरच्या जागेत एका पंजाबी माणसानं ढाबा टाकला. मी मालकाकडंच राहिलो, आणि मालक गेल्यावर त्याच्या पोराकडं. आज माझी दृष्टी ठिणग्यांनी निम्मी गेली आहे आणि त्याबद्दल मला कोणी काही देत नाही.

दादाशी बोलणं सोडलं नाही. लग्नाकार्यात आम्ही शेजारी बसून जेवलो. लोक म्हणायचे, दोघा भावांचं किती जमतं. जमायला काय, एका नावात राहून काढलं होतं आम्ही.

दादा मानानं रिटायर झाला. फुलांचा हार, शाल, मंडल ऑफिसच्या लोकांसोबत फोटो. पेन्शन सुरू झाली, आणि तिसऱ्या वर्षी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हाही आंध्रच होता अजून.

पेन्शनवाल्याला दरसाल ट्रेझरीत जाऊन आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं. नोव्हेंबरात वहिनी माझ्या घरी आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा एकटी आली होती. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "भाऊजी, त्याइले उचलून न्याव तं रस्त्यातच जातीन. घरी येऊन पाहतो म्हंते ऑफिसवाले, पन तवरोक पेन्शन बंद. दवाईले पैसे नाईत." मग खाली पाहत म्हणाली, "त्याइचा हात नाई चालत. तुमाले येते त्याइची सही."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मनात तेच होतं, अगदी तेच शब्द होते: कोणी पाहिलं तर? दारात काढलेली तिची झिजलेली चप्पल मी पाहिली, आणि शर्ट बदलायला उठलो.

आदिलाबादला ट्रेझरीत आम्ही दोघं बाकावर बसलो. पेन्शनच्या पुस्तकावर दादा आणि वहिनीचा जोडीचा फोटो होता. तेलुगू क्लार्कनं फोटो पाहिला, वहिनीला पाहिलं, मला पाहिलं. वहिनी खरी होती, तेवढं त्याला पुरलं. त्यानं दादाचं नाव घेऊन हाक मारली आणि मी लगेच उठलो. तीस वर्षांनंतरही कान फिरला.

पहिल्या कागदावर मी सही केली. त्यानं ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, फाट्यावर बोट ठेवलं आणि "सरे" म्हणून मान हलवली. मग दुसरा कागद पुढं सरकवला. तेलुगूत होता. मी विचारलं, यह क्या है.

"आप दूसरी जगह कहीं नौकरी नहीं किये, बाहर भी नहीं किये, ऐसा लिखा है. सबको देना पड़ता. दस्तखत करो."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं. मागं रांग होती, कोणीतरी खोकलं.

मी दुसरीकडं कुठंही नोकरी केली नाही, असं मी माझ्या हातानं लिहून दिलं. खाली दादाचं नाव घातलं, फाटा मारला, आणि पेन क्लार्कला परत दिला.