साहेबांचा काढा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी विभागप्रमुख झालो ते माझ्या हुशारीमुळे. वाटू दे.

मी संशोधक आहे, परळला. मधुमेहावर काम करतो — करायचो म्हणा. वाढलो डिलाईल रोडच्या चाळीत. आई सकाळीच कामाला जायची, म्हणून शेजारच्या नलूमावशीने मला भरवलं, रागावलं, दहावीला माझ्या नावाने पेढे वाटले. रक्ताचं नातं नाही, पण मावशी म्हटलं की मला तीच आठवते.

तर आमच्या आमदारसाहेबांनी एक काढा काढला. कारखाना त्यांच्या मेव्हण्याचा. साखर उतरते म्हणे! गणपतीत मांडवात बाटल्या फुकट वाटायच्या, बाटलीवर साहेबांचा हसरा फोटो. त्याखाली ‘चाचणीत सिद्ध’ एवढंच हवं होतं, कारण निवडणूक तोंडावर आलेली. आमच्या संचालकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझीच चाळ आहे ना? लोक तुझं ऐकतात."

ऐकतात — हीच तर गोची. घरोघरी काढा दिला आणि महिन्याभराने विचारत फिरलो, बरं वाटतं का? चाळीतला मुलगा शास्त्रज्ञ होऊन दारात आलाय, त्याला नाही कोण म्हणणार? चहा पुढे करायचे आणि सगळे एकच सांगायचे. मावशीने तर माझ्या गालावरून हात फिरवला. "माका बरा वाटता हां, झिला." रक्ततपासणीत मात्र कुणाचीच साखर उतरलेली नव्हती. काहींची चढली होती. मावशीचीही.

मग मी काय केलं? सांगतो — सांगतो. रक्ताचे आकडे गाळले. लोकांचं ‘बरं वाटतं’ तेवढं ठेवलं, आणि काढा सिद्ध झाला. साहेबांनी मला साधा फोनसुद्धा केला नव्हता. कुणी धमकावलं असतं तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. मला ती विभागप्रमुखाची खुर्ची हवी होती, बस्स.

मावशीने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. मी सिद्ध केल्यावर गोळ्या कशाला? अंगठ्याला ठेच लागली, जखम चिघळली, आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तरी मी गप्प. आता तर त्या काढ्याबद्दल नुसती शंका काढली तरी माणूस विरोधी पक्षाचा ठरतो. आमच्या विभागातल्या एका मुलीने काढली होती. तिला घालवलं. कुणी? मीच.

गेल्या महिन्यात मावशीकडे गेलो. तिचा समज असा, की काढा उशिरा सुरू केला म्हणून पाय गेला. डॉक्टरांनी इन्शुलिन लावलंय, ते तिला नकोसं झालंय. मला म्हणाली, "ही सुई आता बंद करू काय रे? तुझो काढो आसा मां." दारात साहेबांचा कार्यकर्ता नव्या बाटल्या घेऊन उभा होता. माझ्याकडे बघून हसला. नाही म्हणायला किती वेळ लागतो हो? एक शब्द! मी म्हटलं, "तुला बरं वाटेल तसं कर, मावशी."

काल तिच्या सुनेचा फोन आला. मावशीने त्या दिवसापासून सुई घेतलेली नाही, आणि आता उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. मी ऐकून घेतलं. काळजी घ्या म्हणालो, आणि फोन ठेवला.