दुपारची शाळा

यंदा कापूस वेचणीत गावातलं हायस्कूल दुपारी बाराला भरून राह्यलं. घंटा वाजली की बायको आठवते. पोरगी नववीत होती तवाची गोष्ट. ऊन चढायच्या आत वेचलेल्या कापसाला पाला चिकटत न्हाई, म्हणून मी तिला शाळा बुडवायला लावून सकाळचं वावरात नेत होतो. बायको सरळ हेडमास्तरकडं गेली, म्हणली, "वेचणी हाय तवर शाळा दुपारून भरवा, पोरी येतील." ते म्हणले, "धा बापांच्या सह्या आणा." तिनं कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला अन् पारावर सगळ्यांसमोर माझ्यापुढं धरला. "आहो, पहिली सही तुमची." शेजारचा म्हणला, "घ्या! आता वहिनी शाळा चालवणार!" सगळे हसले. मीबी हसलो अन् कागद घडी करून खिशात घातला. ती पदर सावरून घरी गेली. माझी सही न्हाई म्हणल्यावर बाकीच्यांनीबी केली न्हाई. पोरीची शाळा तिथंच सुटली; आता ती सासरी दुसऱ्याच्या वावरात रोजानं वेचते. बायको मागच्या महिन्यात गेली. तेराव्याला पोरगी म्हणली, "बाबा, आई तुमच्यावर कधीच रागावली न्हाई." रागावली असती तर बरं झालं असतं.